एका शब्दाचा दुसरा साक्षीदार

संध्याकाळी साडेपाच वाजता थर्झा आल्डरसन पोस्टाच्या दारावरची पाटी उलटी करायची, सुतळी कापायच्या सुरीने पेन्सिलीला टोक काढायची आणि एक चिठ्ठी लिहायची. रोज एकच. चिठ्ठीचा आकार ठरलेला होता, सहा इंच बाय चार. डाव्या कोपऱ्यात शब्द, आणि खाली तो कोणी, कुठे, कोणत्या साली उच्चारला ते. शब्द बहुतेक जोडशब्द असायचे. ती आधी पहिला अर्धा लिहायची, मग जागा सोडून दुसरा, आणि दोघांमधली आडवी रेघ सगळ्यात शेवटी, सावकाश ओढायची. आमच्याकडच्या दगडी कुंपणांच्या भिंतींना दोन तोंडं असतात. मधेमधे एक लांब दगड आरपार घालून ती एकमेकींना बांधलेली असतात. तो दगड निसटला की भिंतीचं पोट फुगतं आणि एखाद्या हिवाळ्यात ती बसते. थर्झा तो दगड बसवावा तशी रेघ ओढायची. मग चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात, डबा काउंटरखाली, आणि किटली चुलीवर.

डोंगरातल्या खोऱ्यातलं आमचं गाव स्केलबेक, आणि तिथलं पोस्ट म्हणजे एका घराची पुढची खोली. थर्झाच्या आईने ते वीस वर्षं चालवलं. १९२० साली आई गेली आणि मागच्या खोलीत शिक्के मारणारी थर्झा पुढे काउंटरवर आली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर ती म्हणे की खोऱ्यातले सगळे पुरुष मी शेंबडे असल्यापासून पाहिलेत, आणखी काय कारण हवं.

दोन वर्षांनी जिल्ह्याच्या शब्दमंडळाचं पत्रक आलं. ते तिनेच दारावर चिकटवलं आणि बहुधा तिनेच वाचलं. शिशाच्या खाणी बंद पडल्यापासून माणसं खोरं सोडून चालली होती, कुणी लँकशरच्या गिरण्यांत, कुणी अमेरिकेत, आणि त्यांच्या ट्रंकांबरोबर जुने शब्दही चालले होते. मंडळाला ते पुस्तकात उतरवून ठेवायचे होते. थर्झाने पहिल्या महिन्यात बावीस चिठ्ठ्या पाठवल्या. ‘कम्बर-ग्राउंड’, म्हणजे भुईला भार. ‘स्मेल-फीस्ट’, म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या रश्श्याच्या वासावर येऊन बसणारा. ‘मेक-बेट’, म्हणजे कळलाव्या. ‘ड्रॉ-लॅच’, म्हणजे कडी न वाजवता घरात शिरणारा. शिव्याच जास्त होत्या. माणसं दागिने विकतात, पण शिव्या पिढ्यान् पिढ्या जपतात.

बावीसपैकी एकोणीस परत आल्या. मंडळाचे चिटणीस लीड्सला राहणारे हॉर्सफॉल नावाचे गृहस्थ होते. त्यांनी प्रत्येक चिठ्ठीवर निळ्या पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता, ‘नातं?’ नियम असा होता की तोंडी शब्दाला दोन साक्षीदार हवेत, दोघंही साठीच्या पुढचे, आणि दोघं एकमेकांच्या नात्यातले नकोत. एकाच घरातला शब्द म्हणजे घरातली लकब, तो बोलीतला शब्द नव्हे, असं हॉर्सफॉल यांचं म्हणणं. आमच्या खोऱ्यात आडनावं चार. थर्झाने उलट टपालाने कळवलं, ‘साहेब, इथे एकमेकांच्या नात्यात नाहीत अशी फक्त मेंढरं आहेत, आणि त्यांचंही मी शपथेवर सांगणार नाही.’ त्यावर उत्तर आलं नाही. नियमांची छापील प्रत मात्र पुन्हा आली.

दुसराही एक नियम होता. चिठ्ठी लिहिणाऱ्याने तो शब्द साक्षीदारापुढे स्वतः कधीही उच्चारायचा नाही. उच्चारला की साक्ष बाटली. समोरच्याच्या तोंडून तो आपोआप आला पाहिजे.

शिव्यांच्या बाबतीत हे जमण्यासारखं होतं, कारण गावात किट पीकॉक होता. किट भिंती बांधणारा, तेव्हा पासष्टीच्या आसपास, डोंगरापलीकडून आलेला, म्हणून अख्ख्या गावात कुणाचाही काही न लागणारा. अंगाने वाळक्या झुडपासारखा, आणि जिभेवर शंभर वर्षांपूर्वीचे शब्द. पण ते सहज यायचे नाहीत. विचारलं तर तो म्हणायचा, मला काय ठाऊक, मी दगड रचतो. त्याला राग आला की मात्र ते एकामागून एक बाहेर पडायचे. थर्झाला हे कळलं तेव्हापासून तिने किटला राग आणायचं काम शिस्तीने हाती घेतलं. ती त्याला कडा फाटलेलं तिकीट द्यायची. त्याचं पार्सल समोर दिसत असताना मागे शोधायला जायची. शुक्रवारी तो धापा टाकत चढण चढून येताना दिसला की पाच मिनिटं आधी पाटी उलटी करायची.

“अगं दार-आपटे, चूल-चिकटे, उघड,” तो बाहेरून म्हणायचा. “साडेपाचला पाच कमी आहेत.”

“आमच्या घड्याळात साडेपाच वाजले.”

“तुझं घड्याळ खोटारडं आणि तू त्याची सावत्र बहीण. अशा बाईला पगार देतं सरकार, आणि मग लढाईला तोफा पुरत नाहीत.”

आत थर्झा काउंटरवर वाकून लिहीत असायची. किटची बहीण ॲनस त्याचं घर सांभाळायची. ती एकदा येऊन म्हणाली, “थर्झाबाई, त्याचं तुझ्याशी काय वाकडं आहे ते मिटवून टाक ना. इथून येतो तो माझ्यावर डाफरतो. परवा मांजरालासुद्धा काहीतरी बोलला, ते अजून घरी आलं नाही.”

थर्झाने विचारलं की मांजराला नेमकं काय म्हणाला, आणि पेन्सिल उचलली. ॲनस पाय आपटत निघून गेली.

पण या सगळ्यात एक शब्द शिवी नव्हता, आणि थर्झाचा जीव त्याच्यातच अडकला होता. ‘मेरी-गो-सॉरी’. हा तिच्या आईचा शब्द. अमेरिकेहून पत्र आलं की आई ते पाकीट काउंटरवरून पुढे सरकवताना तो म्हणायची. पत्र आलं म्हणजे मुलगा जिवंत आहे, आणि पत्र आलं म्हणजे मुलगा येत नाहीये. बाया पाकीट छातीशी धरून हसायच्या आणि हसता हसताच तोंड फिरवायच्या. ‘मेरी’ म्हणजे हसरं, ‘सॉरी’ म्हणजे रडवं; हसू आणि रडू एका घोटात येतं त्याला हा शब्द. थर्झाला काउंटरवर तो चेहरा आठवड्यातून दोनदा तरी दिसायचा. आता लोक एकमेकांना विचारायचे, सगळं बरं ना, आणि उत्तर मिळायचं, हो, बरं आहे. त्या चेहऱ्याचा आणि ‘बरं’चा काही संबंध नव्हता. बाकीचे शब्द पुस्तकात गेले नाहीत तर नुकसान होईल असं तिला वाटायचं. हा गेला नाही तर आई दुसऱ्यांदा जाईल असं वाटायचं, पण हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही.

चिठ्ठी तयार होती. पहिला साक्षीदार, आई. हयात नसलेल्या माणसाची साक्ष चालते असं नियमात होतं. दुसऱ्याची जागा मोकळी. आणि दुसरा साक्षीदार कोण, हे थर्झाला पक्कं माहीत होतं.

१९१८ च्या ऑक्टोबरात किटच्या नावाने तार आली होती. मुलगा मॅथ्यू, फ्रान्समध्ये, जिवंत, डावा पाय कापला. थर्झा मागच्या खोलीत टपालावर शिक्के मारत होती. शिक्क्याच्या आवाजात पुढचं काही ऐकू येत नव्हतं. पत्रांचा एक गठ्ठा संपला, दुसरा घ्यायला ती थांबली, आणि त्या शांततेत तिने किटचा आवाज ऐकला. “मेरी-गो-सॉरी,” तो म्हणाला. मग दाराची घंटा वाजली. तेव्हा ती शब्द गोळा करत नव्हती, म्हणून तारीख लिहिली नव्हती. नंतर मंडळाला सगळं कळवलं, तर उत्तर आलं की तारीख नसलेल्या आठवणीवर भागणार नाही, त्या गृहस्थांकडून शब्द पुन्हा मिळवावा, अर्थात नियम पाळून.

तर तो पुन्हा मिळवणं हे थर्झाचं अकरा वर्षांचं काम झालं. रागाने तो येईना, कारण तो रागाचा शब्दच नव्हता. तिने वेगवेगळ्या वाटांनी जाऊन पाहिलं. मॅथ्यूला मुलगी झाली त्या दिवशी तिने किटला बसायला खुर्ची दिली आणि सहज विचारलं, नात झाली, पण सुनेचे हाल झाले म्हणे, कसं वाटतं अशा वेळी. किटने खुर्चीकडे संशयाने पाहिलं. “कसं वाटायचंय? भूक लागलीय,” तो म्हणाला. मॅथ्यूला रिचमंडला काम लागलं, तो घर सोडून गेला, तेव्हा तिने पुन्हा विचारलं. किट म्हणाला की एक तिकीट दे, आणि या वेळी धड दे. तिने एकदा थेट विचारलं की मॅथ्यूची तार आली तेव्हा तुम्ही इथे काय म्हणाला होतात, आठवतं का.

“तारेचे पैसे द्यायचे का, असं विचारलं असेन,” किट म्हणाला.

साडेपाच वाजता ती पेन्सिलीला इतकं टोक काढायची की ते मोडायचं. आणखी एक गोष्ट झाली होती, ती तिच्या लक्षात यायला वेळ लागला. साक्ष बाटू नये म्हणून तिने स्वतः तो शब्द उच्चारणं सोडलं होतं. किटपुढे तर नाहीच, पण ॲनसपुढे नाही, कारण ॲनस घरी जाऊन बोलेल. आणि इतर कुणापुढेही नाही, कारण गाव केवढं. पत्रं यायची, बाया छातीशी धरायच्या, आणि थर्झा ओठ मिटून शिक्क्याची शाई नीट करायची. आईने काउंटरवर रोज वापरलेला शब्द तिने जपून जपून डब्यात बंद करून टाकला होता.

१९३३ च्या मे महिन्यात हॉर्सफॉल स्वतः यायला कबूल झाले. पुस्तक छापायला जायचं होतं, काही अडलेल्या चिठ्ठ्यांचा निकाल लावायला ते गावोगाव फिरत होते. थर्झाने तीन दिवस आधीच केक करून ठेवला, आणि तिथेच तिचं चुकलं. ॲनसने विचारलं की केक कशाला, तर ती सांगून बसली की लीड्सचे एक साहेब येताहेत, किटचं बोलणं पुस्तकात घालणार आहेत. पुस्तकात जायचं म्हणजे आमच्याकडे काय, ते थर्झाला कळायला हवं होतं. तिचा जन्म इथलाच.

किट आला तो रविवारी चॅपलला जायचा काळा कोट घालून. गळ्याला ताठ कॉलर, केस पाण्याने चापून बसवलेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पोस्टाच्या पायपुसण्याला पाय पुसले. थर्झाचा चेहरा तिथेच पडला.

हॉर्सफॉल सज्जन, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी वही उघडून विचारलं, आळशी माणसाला तुम्ही काय म्हणता.

“आळशी म्हणतो, साहेब,” किट म्हणाला. उपदेशकासारखा, शब्द न् शब्द स्वच्छ.

फुकट जेवायला येणाऱ्याला?

“पाहुणा म्हणतो, साहेब. पाहुणा देवाने धाडलेला असतो.”

थर्झाने त्याच्या चहात साखर घातली नाही. तो प्यायला आणि उत्तम आहे म्हणाला. तिने सांगितलं की वरच्या कुरणातली तुमची भिंत बसली, लोक म्हणतात पीकॉकचा हात गेला. ही खोटी गोष्ट होती आणि एरवी तिच्यावर दोन चिठ्ठ्या भरल्या असत्या. किटची मान लाल झाली. “देवाची इच्छा,” तो म्हणाला. दारात उभी असलेली ॲनस समाधानाने हात बांधून बघत होती.

हॉर्सफॉल यांनी शेवटी मुलाच्या तारेबद्दल विचारलं. त्या वेळी मनात काय आलं होतं.

किटने केककडे पाहिलं. “माझे दुःख आणि माझा आनंद प्रभूच्या हाती आहेत, असं मनात आलं, साहेब.”

साहेबांनी वही मिटली. तीन वाजताची बस होती. जाताना त्यांनी थर्झाला हळूच सांगितलं की केक छान होता, आणि तुमच्या एकसष्ट चिठ्ठ्या घेतल्यात, ही काही लहान गोष्ट नाही. ती बासष्टावी मात्र, काय करणार, तुम्ही पाहिलंतच.

बस वळणाआड गेली. किटने कॉलरचं बटण काढलं आणि म्हणाला, “कोण म्हणतं माझी भिंत बसली? कोण तो भुई-भार, दगड-चोर, नाव सांग.”

अकरा वर्षांत थर्झा त्याच्यावर कधी ओरडली नव्हती. आताही ओरडली नाही. “मेरी-गो-सॉरी,” ती म्हणाली. “एवढंच म्हणायचं होतं तुम्ही, किट. एकदाच. तार आली त्या दिवशी इथे उभं राहून म्हणाला होतात. मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

किटने कॉलर काउंटरवर ठेवली.

“ते होय,” तो म्हणाला. “ते माझं नव्हे, पोरी. तुझ्या आईचं. तार हातात देताना ती म्हणाली. मला कळलं नाही, म्हणून मी तेच पुन्हा म्हटलं, हे काय म्हणून. आमच्या डोंगरापलीकडे नाही म्हणत असं.” मग म्हणाला, “घरी जाईपर्यंत कळलं म्हणा.”

दुसरा साक्षीदार कधी नव्हताच. थर्झाने शिक्क्याच्या आवाजात अर्धं बोलणं ऐकलं होतं आणि त्या अर्ध्यावर अकरा वर्षं काढली होती. तिने किटला दार दाखवलं नाही, बस म्हटलंही नाही. तो आपणच बसला आणि उरलेला केक खाल्ला. तिने त्याच संध्याकाळी हॉर्सफॉल यांना लिहिलं की बासष्टाव्या चिठ्ठीचा आग्रह सोडते, दोन्ही साक्षी एकाच तोंडच्या निघाल्या. ते न लिहिताही चाललं असतं. पत्रावरचा शिक्का मात्र तिने इतक्या जोरात मारला की पाकीट फाटलं.

१९३६ साली पुस्तक आलं. मंडळाने तिला एक प्रत पाठवली. ‘कम्बर-ग्राउंड’खाली छापलं होतं, के. पीकॉक, भिंती बांधणारे, स्केलबेक. ॲनसने ते किटला वाचून दाखवलं. लीड्सच्या साहेबांनी आपला केक खाऊन आपल्यालाच भुईला भार म्हटलं असं त्याने मरेपर्यंत धरून ठेवलं. कितीही समजावलं तरी त्याचं एकच, मग माझं नाव का तिथे. मेरी-गो-सॉरी त्या पुस्तकात नाही. मी पाहिलंय. जिथे असायला हवा तिथे वरचा शब्द संपतो आणि खालचा सुरू होतो.

चिठ्ठ्या लिहिणं थर्झाने थांबवलं. साडेपाचला पेन्सिलीला टोक काढणं तेवढं राहिलं, त्याचं पुढे काही व्हायचं नाही. पण काउंटरवर ती आता तो शब्द म्हणू लागली. पहिल्यांदा म्हणाली ती ऑन्टारिओहून पत्र आलेल्या एका बाईला, आणि इतक्या रागाने, की ती बाई घाबरली. पुढे पुढे राग कमी झाला. सैन्यातून पत्र, लांब दिल्या पोरीचं पत्र, दवाखान्याचं पत्र, पाकीट सरकवताना ती म्हणायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघायची. उद्या कुणी शहाणा शब्द गोळा करायला आलाच, तर त्याला सगळीकडे तो एकाच तोंडचा सापडेल, त्याचं सगळं रान मी बिघडवून ठेवलंय, असं ती किटला म्हणाली. किट तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. तो म्हणाला की बरं केलंस, तो केकखाऊच असेल.

१९५१ च्या जानेवारीत थर्झाच्या छातीत कफ भरला. तोवर पोस्ट मॅथ्यूची मुलगी एलन चालवत होती, किटची नात. थर्झानेच तिला चार वर्षं शेजारी बसवून शिकवलं होतं. मी हे सगळं एलनकडूनच ऐकलं. थर्झा वरच्या खोलीत पडून असायची. खालचे आवाज लाकडी फळ्यांतून वर यायचे, पण शब्द कळायचे नाहीत. दुपारी परगावचं टपाल आलं. शिक्क्याचे आवाज झाले, दाराची घंटा वाजली, कुणीतरी बाई पत्र घ्यायला आत आली. एलन तिला काहीतरी म्हणाली. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि पुन्हा घंटा वाजली.

एलन चहा घेऊन वर आली तेव्हा थर्झा कोपरावर उठून बसली होती.

“काय म्हणालीस तिला?”

“कुणाला? त्या रॉंच्या घरातल्या सुनेला? काही नाही हो, नेहमीचंच.”

“नेहमीचं म्हणजे काय?” शब्द तिने स्वतः उच्चारला नाही.

खाली घंटा वाजली. एलन आले आले म्हणत जिन्याकडे वळली. साडेपाचला पाच-सात मिनिटं होती. ती परत वर येईपर्यंत थर्झा गेली होती. जिन्यात असताना मागून थर्झाचा चिडका आवाज तेवढा तिने ऐकला होता.

“आणि चहा सकाळचाच उकळून आणलायस. नवी पत्ती टाकत जा.”